ओबोच्या ऐवजी

रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जुन्या गिरणीच्या मैदानावरच्या मंडपात निवेदकाने पुकारलं, "ओबो, कल्लप्पा वाजंत्री." कुणीही उठलं नाही.

निवेदकाने हातातल्या कागदाकडे पाहिलं आणि तेच पुन्हा पुकारलं. दक्षिण विभाग बँड स्पर्धेची अंतिम फेरी चालू होती. सोलापूरच्या म्हेत्रे बँडचे चौदा वादक नाव येईल तसे मंचावर जाऊन बसले होते. पुढे क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट, बाजूला सॅक्सोफोन, मागे ढोल आणि झांजा. सगळ्यांच्या पुढे, मधोमध मांडलेली खुर्ची रिकामी होती. मंचाच्या पायरीशी पिवळा फेटा बांधलेले एकसष्ट वर्षांचे गृहस्थ मांडीवर खणाची पिशवी घेऊन बसले होते. पिशवीत वितीपेक्षा थोडं लांब, काळसर लाकडाचं वाद्य होतं. सनईची धाकटी बहीण म्हणावी असं. सोलापुरात त्याला सुंदरी म्हणतात.

"अप्पा, उठा की. तुमचंच नाव आहे," त्यांची मुलगी काव्या मागून म्हणाली.

"नाव माझंच हाय, अव्वा," कल्लप्पा लेकीला म्हणाले. "त्याच्या अगोदरचं कुणाचं हाय?"

ओबो हा शब्द त्या कागदावर जानेवारीत आला होता.

कल्लप्पा वाजंत्री मूळचे दुधनीचे. घरात कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी. लग्नात अक्षता पडताना सुंदरी वाजवायची, हे त्यांच्या घराण्याचं काम. अलीकडे हे काम कमी होत गेलं. नाही म्हणणारे लोक वाईट बोलत नसत, उलट फार नम्रपणे सांगत. "अण्णा, यंदा तुमच्या ऐवजी पेनड्राइव्ह लावतोय, राग मानू नका." मागच्या हंगामात हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं की घरात कुणी 'ऐवजी' म्हटलं तरी ते मान वर करून पाहत. भाजीवाल्याने दोडक्याऐवजी गिलकी दिली म्हणून काव्याच्या आईने एकदा सहज तक्रार केली. त्या दिवशी कल्लप्पांनी गिलक्याला हात लावला नाही.

म्हेत्रे बँडला शहरात 'कागदवाला बँड' म्हणतात. बँडमास्तर महेश्वर म्हेत्रे यांचे वडील लष्कराच्या बँडमध्ये होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या वादकांना पाच रेघांवरची स्वरलिपी वाचायला शिकवली. ती शिस्त अजून टिकून आहे. शहरातले बाकीचे बहुतेक बँड कानाने वाजवतात, हे कागद बघून. वरातीत कागद कुणी बघत नाही, पण कोटाच्या खिशात तो असतोच.

सुंदरी आणि बँड एकाच लग्नात असले तरी कधी एकत्र वाजत नसत. सुंदरी मांडवात, बँड रस्त्यावर. कारण साधं होतं. म्हेत्रे बँडचा सा पेटीच्या काळी पाचवर. कल्लप्पांच्या सुंदरीचा सा काळी एकवर. सुंदरीचा सा लाकडातच कोरलेला असतो, तो हलत नाही. आणि बँडचे कागद काळी पाचसाठी लिहिलेले.

जानेवारीत मंगळवेढ्याच्या एका लग्नात मांडवात अक्षता लांबल्या आणि बाहेर कुणीतरी बँडला घाईने इशारा केला. मिनिटभर दोन्ही एकदम वाजलं. आतल्या बायकांनी अक्षतांच्या हातांनीच कान झाकले.

नंतर पंगतीत महेश्वर मास्तर कल्लप्पांच्या शेजारी बसले. "अण्णा, तुमची पट्टी आणि आमची पट्टी म्हणजे सासू आणि सून. दोघी चांगल्या, पण एका चुलीवर नको."

"सुनेनं सरकावं की थोडं," कल्लप्पा म्हणाले.

"सरकलं असतं. पण चौदा जणांचे कागद नव्यानं लिहायचे म्हणजे माझे वडीलच पाहिजेत. त्यांना एका गतीला महिना लागायचा."

समोर बसलेली काव्या म्हणाली, "मास्तर, मला एक गत द्या. मी सरकवून बघते."

काव्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात चादरी-टॉवेलची डिझाइनं करते. कॉम्प्युटरवर चौकटी भरायच्या, त्या नक्षीवरून माग चालतो. एका मागासाठी काढलेलं फूल दुसऱ्या रुंदीच्या मागावर न्यायचं तर सगळ्या चौकटी ठरावीक घरांनी सरकवाव्या लागतात. एकही चौकट मागे राहिली तर फुलाची पाकळी तुटते. हे काम ती सहा वर्षं करत होती. पेटी ती अप्पांकडे शिकली होती. स्वरलिपी लिहायचं एक सॉफ्टवेअर तिला इंटरनेटवर फुकट मिळालं. जगभरातले हौशी लोक मिळून ते चालवतात. पाच रेघांवर सूर बसवायचे, कुठलं वाद्य ते सांगायचं, आणि अख्खी गत हव्या त्या पट्टीत न्यायची. काव्याला ते चादरीच्या कामासारखंच वाटलं.

पहिली अडचण वाद्यांच्या यादीत आली. यादी लांब होती. जपानची बासरी होती, स्कॉटलंडची पिशवी लावलेली बासरी होती, सनईसुद्धा होती. सुंदरी नव्हती. सनई घ्यावी तर सॉफ्टवेअरने ठरवलेली तिची पट्टी आणि सुरांचा पल्ला जमत नव्हता. सुंदरीचे वरचे सूर पल्ल्याबाहेरचे म्हणून लाल दिसू लागत. शोधता शोधता ओबो सापडला. तोही तोंडात दुहेरी पत्ती धरून वाजवायचा, आणि सुंदरीचे सगळे सूर त्याच्या पल्ल्यात बसत होते. काव्याने ओबो निवडला. शेवटी नाव बदलू, असं तिने ठरवलं.

गत कल्लप्पांचीच होती. दुर्गा रागातली, हळद उतरल्यावर वाजवायची. घरात ती 'मांडवगत' म्हणून ओळखली जाते. कल्लप्पा वाजवत आणि काव्या सूर बसवत गेली.

"माझ्या ओळीत काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं. त्यांना स्वरलिपी वाचता येत नाही.

"तुम्ही वाजवता तेच. थोडं कमी."

"कमी का?"

"एका सुरावरून दुसऱ्यावर तुम्ही घसरत जाता ना, ते सगळं यात मावत नाही. मी नुसती रेघ ओढलीय."

कल्लप्पांनी स्क्रीनवरची रेघ पाहिली. "यवढीच? ठीक हाय. गावाचा नकाशा काढला म्हणून गाव बारीक होत न्हाय."

याच सुमारास बँड स्पर्धेचे अर्ज निघाले. महेश्वर मास्तर दर वर्षी भाग घेत. पहिल्या नंबरची ढाल त्यांना कधी मिळाली नव्हती. या वेळी त्यांनी अर्जात मांडवगत लिहिली आणि कल्लप्पांच्या घरी जाऊन सांगितलं, "अण्णा, पुढं तुम्ही बसायचं. मागं आमी." नियम एकच महत्त्वाचा होता: मंचावरचं प्रत्येक वाद्य स्वरलिपीत त्याच्या स्वतःच्या ओळीत असलं पाहिजे. त्याआधीच्या वर्षी एका बँडने ऐनवेळी सनई आणली होती. ती कागदात नव्हती म्हणून त्यांना बाद केलं होतं.

कल्लप्पांनी विचारलं, "कागदावर सुंदरी म्हणून येणार?"

"नाहीतर काय म्हणून?" महेश्वर मास्तर म्हणाले.

त्या दिवसापासून कल्लप्पा रोज पहाटे रियाजाला बसू लागले. पेनड्राइव्हची वर्षं सुरू झाल्यापासून तो बंद पडला होता.

पहिली तालीम नवी पेठेच्या मागच्या बोळात, एका कापडदुकानाच्या गोदामात झाली. काव्याने प्रत्येक वाद्याचे वेगळे कागद छापून आणले होते. त्याआधी तिने वादकांना फोन करून विचारलं होतं की सुंदरीच्या सा ला तुमचा सा कोणता धरायचा. क्लॅरिनेटचे अजिनाथ म्हणाले होते, "काळी एक." सॅक्सोफोनचे संगमेश म्हणाले होते, "आमची काळी पाच." काव्याने दोन्ही उत्तरं जशीच्या तशी सॉफ्टवेअरला दिली.

मास्तरांनी हात खाली केला आणि गोदामात जे उठलं ते ऐकून बोळातली दोन कुत्री पळाली. क्लॅरिनेट एकीकडे, सॅक्सोफोन दुसरीकडे. अजिनाथ वाजवता वाजवता थांबले. "अरे, बोळात दोन वराती घुसल्या का काय!"

"माझा कागद बरोबर हाय," संगमेश म्हणाले. ते मंगळवेढ्याचे, बँडमधले सगळ्यात मोठ्या आवाजाचे. "नेहमीचीच पट्टी हाय की माझी. मला काय जडबी गेलं न्हाय."

"तेच तर चुकलंय," काव्या म्हणाली. "काका, सगळे सरकलेत आणि तुम्ही जुन्याच जागी आहात."

"मंग तूच लिवलंस की तसं!"

"तुम्ही काळी पाच म्हणालात."

"काळी पाचच की! बोटं लावून बघ."

ती पेटीपाशी बसली. संगमेशनी सॅक्सोफोनवर आपली काळी पाच धरून फुंकली. काव्याने पेटीवर सूर शोधला. तो काळी एक निघाला.

गोंधळ असा होता. पेटीवर जी पट्टी दाबाल तीच ऐकू येते. बँडच्या वाद्यांचं तसं नाही. बोटाखाली ज्या नावाचा सूर असतो, तो वेगळाच होऊन बाहेर पडतो; क्लॅरिनेटचा वेगळ्या अंतराने, सॅक्सोफोनचा वेगळ्या. अजिनाथांनी कानाला काय ऐकू येतं ते सांगितलं होतं. संगमेशनी बोटाखाली काय आहे ते सांगितलं होतं. ते सॅक्सोफोनसाठी आधीच बदललेलं होतं, आणि सॉफ्टवेअरने त्यालाच ऐकू येणारा सूर समजून पुन्हा एकदा बदललं.

काव्या हसू लागली. "काका, मागावर चादर उलटी विणतात. विणताना वर दिसते ती पाठ. तुम्ही मला पाठ सांगितलीत, मी तोंड समजून विणलं."

"आता समजलं," संगमेश म्हणाले. मग थोडं थांबून, "म्हंजे चूक कुणाची?"

"दोघांचीही नाही. चादरीची," अजिनाथ म्हणाले, आणि सगळे हसले. कल्लप्पा हसले नाहीत. ते सुंदरी पिशवीत ठेवत होते.

"अण्णा, थांबा की," मास्तर म्हणाले.

"जमत नसंल तर सांगा मास्तर. मी मांडवात बरा हाय."

काव्याने लॅपटॉप उघडला. सॅक्सोफोनची ओळ तिने काळी एकवर आणली आणि उरलेलं सॉफ्टवेअरवर सोडलं. समोरच्या झेरॉक्सच्या दुकानातून नवा कागद छापून आणायला जेवढा वेळ लागला तेवढाच. संगमेशनी कागद पाहिला. "आता मातर बोटं नवीन हायत. लई घोळ हाय." पण त्यांनी दोन वेळा एकट्याने वाजवून बघितलं आणि मान हलवली.

या वेळी कल्लप्पांनी सुरुवात केली. एकट्या सुंदरीचा सा गोदामात उभा राहिला. मग खालून क्लॅरिनेट आले, त्याच सा वर. मग सॅक्सोफोन. कुणी कुणाला ढकललं नाही. बोळातून जाणारा एक रिक्षावाला रिक्षा बंद करून दारात येऊन उभा राहिला. मधेच कल्लप्पांनी कागदावर नसलेलं काहीतरी सुरू केलं. मास्तर गोंधळले, पण त्यांनी हाताने बँडला तीच दोन आवर्तनं फिरवत ठेवायला सांगितलं, आणि कल्लप्पा परत आले तेव्हा सगळे एकदम पुढे गेले.

गत संपली. मग महेश्वर मास्तर म्हणाले, "माझ्या वडिलांनी हे ऐकायला पाहिजे होतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चौदा माणसं एका सुंदरीकडं सरकली."

ती जागा काव्याने स्वरलिपीत जशी झाली तशी लिहिली. त्या दोन आवर्तनांवर पुन्हा वाजवण्याची खूण घातली आणि सॉफ्टवेअरमध्ये सुरांच्या वर काहीही टाइप करता येतं म्हणून टाइप केलं: 'अण्णा परत येईपर्यंत'. चौदाही कागदांवर ते छापलं गेलं. मग तिने आठवणीने ओबोचं नाव खोडून 'सुंदरी' लिहिलं. छापलेलं पहिलं पान तिने अप्पांना दाखवलं. सगळ्यात वरच्या ओळीच्या डाव्या बाजूला देवनागरीत 'सुंदरी'. कल्लप्पांनी ते अक्षर बोटाने वाचलं, आणि त्या पानाची एक प्रत मागून घेतली. ती त्यांच्या घरी देवाच्या फोटोशेजारी लावलेली आहे.

त्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाद्याला दोन नावं असतात. पहिल्या पानावर येतं ते पूर्ण नाव, आणि पुढच्या सगळ्या पानांवर येतं ते छोटं नाव. काव्याने पूर्ण नाव बदललं होतं. छोटं नाव तसंच राहिलं. पहिलं पान सुंदरीचं होतं आणि दुसऱ्यापासून शेवटपर्यंत 'ओबो'.

रविवारी सगळी स्वरलिपी परीक्षकांच्या टेबलावर गेली. निवेदकाच्या हातात नुसतं दुसरं पान होतं, वाद्यांपुढे वादकांची नावं लिहिलेलं.

मंचाच्या पायरीशी काव्याने आपल्याकडची प्रत चाळली, दुसरं पान पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती धावत निवेदकाकडे गेली आणि तिने त्याला पहिलं पान दाखवलं. प्रेक्षकांत कुजबूज सुरू झाली. तेवढ्यात स्पर्धेचे कार्यवाह बापूसाहेब पायरीपाशी आले. "काका, चला ना वर. वेळ जातोय. काय अडचण आहे?"

"ओबो कोण हाय तो आला की त्याला बसवा," कल्लप्पा म्हणाले. "मी त्याच्या खुर्चीवर बसत न्हाय."

पुढच्या रांगेतली माणसं हसली. निवेदकाने घसा साफ केला आणि तिसऱ्यांदा पुकारलं, "सुंदरी, कल्लप्पा वाजंत्री."

कल्लप्पा उठले. फेटा सारखा केला, पायरीला हात लावून नमस्कार केला आणि मधल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मांडवगत नऊ मिनिटं चालली. सुरुवात सुंदरीने केली आणि पहिल्या सा लाच मागची कुजबूज थांबली. बँड आला तेव्हा तो सुंदरीच्या खाली आला, वर नाही. संगमेशचा आवाज पहिल्यांदाच कुणाला मोठा वाटला नाही. 'अण्णा परत येईपर्यंत' ही जागा आली तेव्हा कल्लप्पा गोदामात गेले होते त्याहून लांब गेले. पुण्याहून आलेल्या परीक्षक बाई, ज्यांच्या समोर स्वरलिपी होती, ते तीन शब्द वाचून आधी हसल्या आणि मग पेन खाली ठेवून ऐकू लागल्या. कल्लप्पा परत आले. चौदा जण बरोबर त्याच क्षणी पुढे गेले. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा शेवटचा सूर अजून संपायचा होता.

दुपारी दोनच्या सुमारास आक्षेप आला. तो गेल्या वर्षी सनईमुळे बाद झालेल्या बँडचा होता, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. आमची सनई कागदात नव्हती म्हणून आम्हाला घालवलं. यांच्या कागदात पहिल्या पानाशिवाय सगळीकडे ओबो आहे आणि मंचावर ओबो नव्हता. मग नियम एकालाच का? त्यांचे मास्तर बापूसाहेबांसमोर हे शांतपणे बोलले आणि जाताना कल्लप्पांना नमस्कार करून म्हणाले, "तुमच्या वाजवण्याला बोट लावलेलं नाही, काका. कागदाला लावलंय."

"बरोबर हाय तुमचं," कल्लप्पा म्हणाले.

बापूसाहेबांनी म्हेत्रे बँडला मंडपामागच्या तंबूत बोलावलं. ते सरळ बोलले. तिन्ही परीक्षकांनी म्हेत्रे बँडला पहिलं धरलं होतं. आक्षेप मिटवायला नियमातच वाट होती. एखादं वाद्य मिळत नसेल तर त्याऐवजी दुसरं वाजवता येतं. मास्तरांनी तसं लिहून द्यायचं, एवढंच. त्यांनी मजकूर तयारच ठेवला होता: 'ओबोच्या ऐवजी सुंदरी हे वाद्य वाजवण्यात आले.'

"एवढी सही करा मास्तर. ढाल आजच घेऊन जा. पेपरमध्येही आजच जाईल."

काव्या म्हणाली, "चूक माझी आहे. छोटं नाव बदलायचं राहिलं. मी तसं लिहून देते. अप्पांचा किंवा बँडचा काही दोष नाही."

"चूक झाली असं लिहून दिलंत तर मग कागदच चुकीचा ठरतो," बापूसाहेब म्हणाले. "मग निर्णय स्पर्धेच्या मंडळाकडे जाईल. काय होईल सांगता येत नाही. बादही होऊ शकता."

महेश्वर मास्तरांनी कागद हातात घेतला. त्यांच्या खिशाला पेन होतं. त्यांनी ते काढलं नाही. तंबूत सगळे जण कल्लप्पांकडे पाहत होते, आणि कल्लप्पा त्या कागदाकडे. त्यांना मराठी वाचता येतं. ते एका शब्दापाशी थांबले होते.

"मास्तर, बँड तुमचा. इतकी वर्षं तुमी आलाय हितं. तुमी सही केली तर मी राग धरणार न्हाय." मग ते बापूसाहेबांकडे वळले. "साहेब, माझ्या ऐवजी लोकांनी पेनड्राइव्ह लावला. ते मी सोसलं. पण मी कुणाच्या ऐवजी कधी वाजवलं न्हाय. हे ब्याड, नको."

"अहो, नुसता शब्द आहे काका."

"शब्दच हाय. म्हणून तर."

संगमेश मागून म्हणाले, "साहेब, ओबो कसला असतो ते दाखवा तरी एकदा. जोडीला उभा करून बघू की कोण कुणाच्या ऐवजी हाय." अजिनाथांनी त्यांना कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता, झांजवाला मोठ्याने हसला आणि मग सगळेच.

महेश्वर मास्तर हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी घातली आणि बापूसाहेबांना परत दिली. "आमचा कागदवाला बँड. वडिलांनी शिकवलंय, कागदावर जे हाय तेच वाजवायचं आणि जे वाजवलं तेच कागदावर पाहिजे. आमी सुंदरी वाजवली. काव्या, तुझं पत्र लिही. चूक झाली म्हणून लिही, आणि खाली माझी सही घे."

काव्याने तंबूतच पत्र लिहिलं. त्यात तिने दोन्ही नावांचा घोळ सांगितला, हाताने दुरुस्त केलेली सगळी पानं जोडली आणि शेवटी एक ओळ घातली की सुंदरी हे सोलापूर भागात वाजवलं जाणारं स्वतंत्र वाद्य आहे आणि ते कोणत्याही वाद्याच्या ऐवजी वाजवलेलं नाही. बापूसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि पोच दिली. सोलापुरात ढालीशिवाय परतलेल्या बँडने वाजत जाण्याची पद्धत नाही. त्या दिवशी म्हेत्रे बँड मैदानापासून गोदामापर्यंत मांडवगत वाजवत गेला, आणि सुंदरी पहिल्यांदाच रस्त्यावर, बँडच्या पुढे होती. वाटेत एका दुकानदाराने विचारलं, "कोण आलं पहिलं?"

"ठरतंय अजून," संगमेश म्हणाले. "पण ऐकून घ्या की."

त्यानंतर दुधनीच्या एका घरून लग्नाचं बोलावणं आलं. त्यांनी अक्षतांना सुंदरी आणि वरातीला बँड असं न सांगता दोन्ही एकत्र मागितलं. महेश्वर मास्तरांनी बँडच्या सहा जुन्या गती काळी एकवर आणायचं काम काव्याला दिलं आहे. आता कुणाला सा विचारायचा तर ती फोन करत नाही, पेटी घेऊन जाते. आणि छापण्याआधी दुसरं पान पहिल्याच्या आधी बघते. त्यावर आता 'सुं.' असतं.

स्पर्धेच्या मंडळाची बैठक एकदा ठरली आणि पुढे गेली. ढाल बापूसाहेबांच्या कार्यालयातल्या कपाटात आहे. तिच्यावर या वर्षाच्या विजेत्याची पट्टी अजून बसवलेली नाही.

काव्याने सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांकडेही विनंती पाठवली आहे की वाद्यांच्या यादीत सुंदरी घ्यावी. तिने पल्ला, पट्टी आणि फोटो पाठवले. मागच्या आठवड्यात तिकडून एकाचं उत्तर आलं. विनंती चांगली आहे, असं त्याने लिहिलं, आणि एक प्रश्न विचारला: या वाद्याचा आवाज आमच्याकडे नाही, तर तोवर त्याऐवजी कोणत्या वाद्याचा आवाज लावू?

काव्याने तो प्रश्न अप्पांना मराठीत वाचून दाखवला. कल्लप्पांनी सुंदरी पिशवीतून काढली, पत्ती ओली केली आणि विचारलं, "कुटं वाजवायचं?" तिने मोबाइल समोर धरला. त्यांनी खालपासून वरपर्यंत एकेक सूर वेगळा वाजवला, प्रत्येक सूर श्वास संपेपर्यंत.

ते रेकॉर्डिंग तिने मंगळवारी पाठवलं. पोच आली आहे. विनंतीसमोर काल संध्याकाळपर्यंत 'विचाराधीन' असं दिसत होतं.